वाफ पांढरी नसते

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी अंगणात बाजेवर बसून चष्मा पुसत होतो. 'आपल्या सहकारी श्रीमती कुसुम रामटेके यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, मधेच कोणीतरी घाईत वाढदिवसाचा गुच्छ टाकला होता. मी चष्मा घालून पुन्हा वाचलं. आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे वाक्य चुकलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. त्या वाक्यातली पहिली चूक मला 'अल्पशा' या शब्दात दिसली आणि दुसरी 'आजाराने' या शब्दात. आदल्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला होता. आवाज नेहमीसारखा खणखणीत. सुट्टीत लावलेल्या प्रशिक्षणावर त्या तडतडत होत्या. "इडलीपात्रात बसवलं आहे भाऊ आमाले," त्या म्हणाल्या. "वर टीनाचे पत्रे, चारी कोपऱ्यात कूलर, आन् खिडक्या बंद. संध्याकाळपर्यंत शिजून निघतो." मी हसलो. म्हटलं, "खिडक्या उघडाले सांगा ना." "सांगतलं ना बाप्पा. उद्या आखीन सांगीन." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं.

तर असा हा आजार. बाईंना ऊन लागलं. सावलीत, छपराखाली, कूलर चालू असताना ऊन लागलं आणि त्या गेल्या. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हळुवार लिहावं असा रिवाज आहे, आणि बाईंबद्दल हळुवार लिहिण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे. पण हे लिहिताना मला राग आलेला आहे आणि तो मी फुलांखाली झाकणार नाही. मी निवृत्त आहे. मला नोटीस निघत नाही, माझी बदली होत नाही. प्रशिक्षणाच्या हॉलचं नाव मी लिहीत नाही, ते घेणाऱ्या साहेबांचंही नाही. असे हॉल आणि असे साहेब आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव सापडतील, एकाचंच नाव घेतलं तर बाकीचे सुटल्यासारखे होतील.

आमची ओळख भांडणाने झाली. आरमोरीहून आत, तलावाच्या पाळीला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा. बाई तिथे विज्ञान शिकवायला बदलून आल्या तेव्हा माझ्या आणि त्यांच्या वर्गातली भिंत अर्धीच होती, वरून आवाज इकडचा तिकडे जायचा. मी पोरांना शुद्धलेखन घालत होतो. 'चुलीवरच्या पातेल्यातून पांढरी वाफ निघत होती.' वाक्य पूर्ण होतं न होतं तोच दारात नव्या बाई उभ्या. "भाऊ, वाफ पांढरी नसते." मी म्हणालो, "बाई, हा मराठीचा तास आहे." त्या म्हणाल्या, "मराठीत बी नसते." पोरं खिदळली आणि माझं डोकं सणकलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला खिचडी शिजायची त्या शेडमध्ये नेलं. चुलीवर मास्तरांच्या चहाची किटली उकळत होती. "तोटीच्या अगदी तोंडाशी पाहा," त्या म्हणाल्या. पाहिलं. तोटी संपते तिथे बोटभर जागा मोकळी होती, आणि त्याच्या पुढे पांढरं सुरू होत होतं. "ह्या मधातल्या जागेत का दिसते तुमाले?" "काही नाही." "थेच वाफ. पांढरं दिसते थे वाफ नोहे, थेंब आहेत. बाहेरच्या हवेत कण थंडावले, एकमेकाले चिकटले, आन् पुन्हा पाणी झाले. वाफ होती तवा कण इतके पांगले होते का तुमाले दिसतच नव्हते." मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पण घरी किटलीसमोर उभा राहून त्या बोटभर मोकळ्या जागेकडे बघत बसायचो, आणि बायको ओरडायची, "चहा आटून राह्यला ना, का पाहता त्याच्यात?" त्यानंतर मी कधी 'पांढरी वाफ' लिहू शकलो नाही. भाषेच्या मास्तराचं एक चांगलं विशेषण त्यांनी कायमचं काढून घेतलं.

बर्फ-पाणी हा खेळ आमच्याकडचं प्रत्येक पोर खेळतं. ज्याच्यावर राज्य तो शिवला की 'बर्फ' व्हायचं, जागच्या जागी पुतळा होऊन उभं राहायचं, आणि गड्याने सोडवलं की 'पाणी' होऊन पळायचं. बाईंनी हाच खेळ उचलला आणि त्याचे नियम बिघडवले. बर्फ म्हणजे रांगेत उभं राहून आजूबाजूच्यांचे हात घट्ट धरायचे, पाय हलवायचे नाहीत. पाणी म्हणजे हात सोडायचे, पण चुन्याच्या रेघेबाहेर जायचं नाही, एकमेकांना घासत सरकत राहायचं. आणि 'वाफ' असा आवाज आला की मैदानभर सुटायचं. पोरांची एक चूक मात्र काही केल्या जाईना. बर्फ म्हटलं की सगळी सवयीने पुतळे व्हायची, श्वासही धरून ठेवायची. बाई छडी नाचवत रांगेतून फिरायच्या. "थरथरा रे! बर्फातले कण मेले नाईत, जागा सोडत नाईत फक्त. थरथरा!" मग भर एप्रिलात पन्नास पोरं हातात हात धरून कुडकुडायची. एकदा पंचायत समितीतून कोणी पाहुणे आले होते, त्यांनी गाडीतून उतरताच मला विचारलं की गावात मलेरियाची साथ आहे का.

या खेळावरून तक्रारही झाली. बर्फ करायचा तर शेजारच्याचा हात धरावा लागतो, आणि शेजारी कोण यावं हे बाई ठरवत नव्हत्या, जो येईल तो. गावातल्या दोन-चार बऱ्या घरच्या आया शाळेत आल्या. आमच्या पोरीले त्या मोहल्ल्यातल्या पोट्ट्यायचे हात काऊन धराले लावता, असं त्यांचं म्हणणं. तो मोहल्ला म्हणजे बाईंच्या समाजाचा, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि बाईंनाही. बाईंच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्याआधी घागरीला नुसता हात लागला तरी काय व्हायचं हे आजीने बाईंना मांडीवर घेऊन सांगितलेलं. आमचे मुख्याध्यापक भिडस्त, त्यांनी सुचवलं की बर्फ वगळून खेळ घ्यावा. मला वाटलं आता भडका उडणार. बाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. बर्फ बंद." मग नुसतं पाणी आणि वाफ सुरू झालं, आणि आठवड्याभरात पोरं कंटाळली. आधी घट्ट धरलेलंच नसेल तर सुटण्यात मजा कसली? एके दिवशी बाईंनी मला बाहीला धरून मागच्या खिडकीशी नेलं. तलावाच्या पाळीवर पोरांनी आपली आपण रांग केली होती, त्या तक्रारवाल्या घरच्या पोरीही होत्या, सगळ्यांचे हात धरलेले, आणि सगळी मिळून थरथरत होती. नंतर स्टाफरूममध्ये बाई दोनदा चहा प्यायल्या.

त्यांच्या त्या शांतपणाचं मला फार नवल वाटायचं, कारण एरवी बाई तापट. एखाद्या पोराने प्रयोगाचं भांडं न धुता ठेवलं तर अख्खी शाळा डोक्यावर घ्यायच्या. त्याचं उत्तर मला विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका शब्दात मिळालं. ढिवरांच्या मासळीच्या पेटीतून बाई बर्फ आणायच्या, मासोळीचा वास येणारा, आणि तो पातेल्यात घालून शेगडीवर ठेवायच्या. त्यात थर्मामीटर. पोरं डोळे लावून बसायची. खाली जाळ पेटलेला, बर्फ वितळतोय, आणि पारा शून्यावरून हलायला तयार नाही. "बाई, थर्मामीटर बिघडला," दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच. पहिल्या वर्षी मीच म्हणालो होतो. "बिघडला नाई," बाई सांगायच्या. "मंग येवढी गरमी जाऊन राह्यली कुठी? हात सोडवाले. जोवर सगळ्या कणायचे हात सुटत नाई, तोवर पारा हालत नाई." या उष्णतेला पुस्तकात 'अप्रकट उष्मा' असं नाव आहे. अप्रकट! विज्ञानाच्या पुस्तकात इतका चांगला शब्द असेल असं मला वाटलं नव्हतं. बाईंच्या आत बराच जाळ असा मुरलेला असणार, पारा न हलवता. आता तो माझ्यात उतरला आहे, आणि माझा पारा मात्र हलतो.

आमच्या भागात उन्हाळ्याशिवाय माणसाची ओळख पुरी होत नाही, म्हणून बाईंच्या घरचा उन्हाळा सांगतो. शाळेच्या मागच्याच आळीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, खिडकीत कूलर. जो येई तो आत शिरला की मागे दार लोटून घेई. आम्ही सगळेच ही चूक करतो. थंडावा म्हणजे जणू डब्यात भरून ठेवायची चीज. बाई हातातलं काम टाकून उठायच्या, दार सताड उघडायच्या आणि त्याला दगड लावायच्या. हा दगड वैनगंगेतला, काळा, वरवंट्यासारखा गुळगुळीत. त्या तो शाळेत जाताना पिशवीतून नेत आणि वर्गाच्या दाराला लावूनच हजेरी घेत. पोरं त्याला 'बाईचा गोटा' म्हणायची. "थंड हवा बाहेर चालली ना बाई," मी एकदा कुरकुरलो. "जाऊ द्या. जाण्यासाठीच आहे थे," त्या म्हणाल्या. मग मला समजावून सांगितलं, मराठीच्या मास्तराला सांगतात तसं, सावकाश. पाण्यातले सगळ्यात चपळ कण आधी उडतात, जाताना गरमी घेऊन जातात, म्हणून मागे राहिलेलं पाणी गार होतं. माठाचं तसंच, कूलरचं तसंच, अंगावरच्या घामाचंही तसंच. पण हवेत आधीच कणांची दाटी झाली असेल तर जितके उडतात तितके परत येऊन बसतात. मग माठ गार होत नाही आणि घाम नुसता वाहतो. "आषाढात कूलर कामाचा नाई हे शेंबडं पोट्टं बी सांगते," त्या म्हणायच्या. "मंग दार लावून तुमी खोलीतच आषाढ केला, थे काऊन नाई समजत?" मी उन्हात निघालो की खिशात कांदा ठेवायचो, आमच्या घरची रीत. त्यावर त्यांचं ठरलेलं, "कांदा भाजीत टाका भाऊ, खिशात पाण्याची शिशी ठेवा."

आता तो दिवस. मी तिथे नव्हतो. मला हे सांगितलं मडावी सरांनी. आमच्याच शाळेत तरुण शिक्षक आहेत, त्या दिवशी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत होते. ते माझ्याकडे आले तेव्हा चहाचा कप हातात धरून बसले, प्यायले नाहीत. हॉल म्हणजे लग्नाचं कार्यालय, वर पत्रे. पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्यांना जुने फ्लेक्स ठोकलेले. दाराला स्प्रिंग, सोडलं की आपोआप बंद, आणि वर दाराशी एक शिपाई बसवलेला. दार लावण्याची दोन कारणं होती. एक, थंडावा बाहेर जातो. दुसरं, मास्तर बाहेर जातात. ज्यांच्या हाती आपण गावची पोरं सोपवतो त्या माणसांना लघवीला जायचं तर शिपायाला विचारावं लागत होतं. सकाळच्या चहाला बाईंनी साहेबांना सांगितलं, खिडक्या उघडा. साहेब म्हणाले, बघू. काहीच झालं नाही तेव्हा बाई जागेवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "साहेब, कूलर पाणी उडवते तवा हवा थंड होते. थे उडालेलं पाणी बाहेर जाऊ नाई देलं, त हवा भरून जाते. मंग माणसाचा घाम उडत नाई. इथी बसलेला एकबी माणूस वाळून नाई राह्यला, पाहा." साहेबांनी माईक हातात घेतला. "मॅडम, चार-चार कूलर लावले आहेत. तुम्हाला एकटीलाच गरम होतं का? आणि हे प्रशिक्षण मूल्यमापनाचं आहे, विज्ञानाचं नाही." हॉल हसला. मडावी सर मान खाली घालून मला म्हणाले, "सगळेच हासले भाऊ. काऊन हासलो, मले आताबी समजत नाई."

जेवणानंतर बाईंनी स्वतः उठून एका खिडकीवरचा फ्लेक्स ओढला. उजेड पडद्यावर आला, चित्र पुसट झालं, दोघे जण धावत येऊन तो पुन्हा ठोकून गेले. मग बाई बसल्या. साडी पाठीला चिकटली होती, पंख्याखाली असूनही वाळत नव्हती. वहीने वारा घेत होत्या, मग तेही थांबलं. बऱ्याच वेळाने त्या मडावींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "गोटा कुठी ठेवला?" मडावी म्हणाले, "कोणता गोटा, बाई?" "दाराचा. आताच त होता इथी." त्यांना वाटलं बाईंना झोप येते आहे, म्हणून ते हसून म्हणाले, आणतो. बाई पुन्हा म्हणाल्या, "आन ना मंग, पोट्टे आत आहेत," आणि खुर्चीतून कलल्या. कोणी साखर तोंडात घातली, कोणी म्हणालं उपास असेल, कोणी म्हणालं बीपी. भोवती गराडा पडला आणि गर्दी वाढू नये म्हणून दार आणखी घट्ट लावून घेतलं. हे वाक्य मी मडावींना दोनदा सांगायला लावलं. घट्ट लावून घेतलं.

गाडीतून नेईपर्यंत उशीर झाला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न योग्य तोच विचारला, "उन्हात होत्या का?" सोबतच्या चौघांनी एका तोंडाने सांगितलं, "नाही सर, दिवसभर कूलरमध्ये होत्या." खोटं कोणीच बोललं नाही. त्या कूलरमध्येच होत्या. ऊन म्हणजे डोक्यावर तळपतं ते, एवढंच आपल्याला ठाऊक, आणि कूलर म्हणजे त्याचा इलाज. मग डॉक्टरांनी कारण हृदयाचं धरलं, वयही निवृत्तीला टेकलेलं, कागदावर तसं आलं, ग्रुपवर त्याचं 'अल्पशा आजाराने' झालं, आणि चौकातल्या फ्लेक्सवर तेच मोठ्या अक्षरांत. बाईंचं माहेर पोंभुर्ण्याकडचं, तिथून भाऊबंद येईपर्यंत मी त्या फ्लेक्सखाली उभा होतो. त्यावर बाईंचा फोटो हसरा लावला होता. खिडक्यांना जे कापड ठोकून त्यांना मारलं त्याच कापडावर त्यांना श्रद्धांजली वाहिली होती, आणि हे त्या चौकात कोणालाही खटकत नव्हतं.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मी दुसऱ्यांदा लिहितो, कारण मला स्वतःला आधी खरं वाटलं नव्हतं: त्याच हॉलमध्ये. पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण तिथे चालूच होतं, माणसं आयती जमलेली, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास काढला. कूलर चालू, खिडक्यांवर फ्लेक्स, मागे दार बंद. मला पहिल्या रांगेत बसवलं. चष्म्यावर धुकं आलं, मी तो पुसला, पुन्हा आलं. साहेब बोलायला उभे राहिले. बोलता बरं येतं त्यांना. म्हणाले, "रामटेके मॅडम आयुष्यभर पाण्याच्या अवस्था शिकवत राहिल्या. आज त्या स्वतःच वाफ होऊन आभाळात गेल्या आहेत. एक दिवस पाऊस होऊन त्या आपल्यातच परत येतील." टाळी वाजवायची की नाही ते लोकांना कळेना. मी उभा राहिलो. बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. म्हणालो, "साहेब, वाफ आभाळात गेलेली नाही. दार लावलेलं आहे. ती इथेच आहे, माझ्या चष्म्यावर." मग मी मागे चालत गेलो आणि दार उघडलं. स्प्रिंगमुळे ते परत येऊन माझ्या खांद्यावर आदळलं. पुन्हा उघडलं आणि पाठ लावून तिथेच उभा राहिलो. सभा संपेपर्यंत, हार घालून होईपर्यंत, दोन मिनिटांची शांतता होईपर्यंत. शांततेतही साहेब मला खुणेने आत बोलावत होते.

बाईंची मुलगी प्रज्ञा नागपूरला नर्स आहे. तेराव्याचं वगैरे त्यांच्यात नसतं, वंदना झाली, लोक पांगले, आणि आम्ही दोघं दगड लावलेल्या त्या दाराशी बसलो. मी तिला म्हणालो की कागदावरचा शब्द बदलला पाहिजे, मी अर्ज लिहून देतो, माझं मराठी अजून शाबूत आहे. ती म्हणाली, "काका, कागदाचं मी पाहीन. थे भांडण लंबं चालते, मले मालूम आहे. पण तोवर लोकं त्या हॉलमधी बसतच राह्यतीन ना. तुमी थे दार पाहा." आणि उठून तिने तो गोटा उचलला, पदराने पुसला, माझ्या पिशवीत ठेवला. मी म्हणालो, आईची आठवण आहे, तुझ्याकडे ठेव. ती म्हणाली, "माझ्या घरी दार सरकतं आहे."

तेव्हापासून प्रशिक्षण असलं की मी सायकलवर तिथे जातो. दाराला गोटा लावतो आणि बाहेर पायरीवर बसतो. सुरुवातीला शिपाई तो उचलून आत टेबलाखाली ठेवून द्यायचा, मी मागून घ्यायचो आणि पुन्हा लावायचो. एकदा साहेब बाहेर आले. "गुरुजी, तुम्ही निवृत्त झालात. इथे तुमचं काय काम आहे?" मी म्हणालो, "दार धरायचं." ते म्हणाले, बाहेरच्या उजेडाने पडदा दिसत नाही. मी म्हणालो, बाई पडल्या तेव्हा त्यांनाही नव्हता दिसत. ते वर कळवतो म्हणाले. खुशाल कळवा. मृग लागून पाऊस पडून गेला आहे आता, बाहेरही दमट, आतही दमट. पायरीवर बसलं की आतली हवा दारातून निघून मानेला लागते. ओली, कोमट, कूलरच्या खसचा वास असलेली. दिसत काही नाही. मी त्या बोटभर मोकळ्या जागेकडे पाहावं तसा त्या दाराकडे पाहत बसतो.

परवा सायकल पंक्चर झाली आणि मला पोचायला उशीर झाला. घाईने वळणावर आलो तर दार उघडं होतं आणि गोटा जागेवर. मी आदल्या दिवशी तो पायरीच्या आड ठेवून गेलो होतो. शिपाई बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता. मी विचारलं, "कोणी लावला?" तो म्हणाला, "म्याच लावला भाऊ. बंद केलं का आत जीव घाबरते." मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या कानशिलाशी काहीतरी तापलं, मी सायकल तशीच आडवी टाकली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. "अन् बाई होत्या त्या दिवशी? त्या दिवशी नव्हता घाबरत कोणाचा जीव?"

त्याने तंबाखू मळायची थांबवली. आत हॉलमध्ये बसलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं.

"घाबरून राह्यला होता ना," तो म्हणाला. "सगळ्यायचाच घाबरून राह्यला होता."

मी खाली वाकलो आणि गोटा दाराखाली आणखी आत सरकवला.